खाली बसवलेली गाडी

गाडी उजवीकडे पडली होती.

डावीकडे पडली असती तर मी कुणाला तरी उचलायला हाक मारली असती आणि पोहे भिजवायला आत गेले असते. साइड स्टँडवर लावलेली मोटरसायकल डावीकडे कलते, पडायचीच झाली तर त्याच अंगाला पडते. ही पलीकडे पडली होती, थेट माझ्या स्कूटरवर. स्कूटरचा आरसा फुटून तुकडे फरशीवर पसरले होते. रात्री वारा सुटला होता खरा, पण वाऱ्यानं एवढं धूड उलटत नाही.

अभिनंदन, म्हणजे आमचे हे, जैन बस्तीत दर्शनाला गेले होते. तिथं ते चालत जात. मी शकील मिस्त्रीला फोन लावला. त्याचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं आणि यांच्या गाडीला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला यांना खपत नसे. शकील दात घासत आला, चूळ भरून दोन्ही हातांनी गाडी उभी केली आणि स्टँडकडे बघून मान हलवली.

"मी म्हटलं हुतं साहेबांना. स्टँड कापल्याबिगर न्हेऊ नका."

"कापायचा? कशाला?"

"आता गाडी खाली बसवली म्हटल्यावर स्टँड लांब हुतंय की वैनी. गाडी कलतच न्हाई मग, सरळ उभी ऱ्हाती. जरा धक्का लागला की पलीकडं. मी म्हटलं, संध्याकाळपतोर थांबा, कापून वेल्डिंग मारून देतो. तर म्हणाले, रविवारी जायचंय, नंतर बघू."

मी गाडीकडे बघितलं. सीट खरंच खाली आली होती. पूर्वी ती माझ्या कमरेच्या वर यायची. रोज तिच्यावरची धूळ मीच पुसत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"खाली का बसवली?" मी विचारलं. आवाज मी अगदी साधा ठेवला होता.

"पाय पोचंना झालं की करत्यात. सिग्नलला डोंबाऱ्यागत टाचा उचलून उभं ऱ्हावं लागत न्हाई. बायका तर लई करून घेत्यात आता. त्या मिरजेच्या म्याडम हायत न्हवं साहेबांच्या गाडीवाल्या ग्रुपातल्या, त्येंची पण मीच केली. त्येंनीच तर सांगितलं साहेबांना, गाडी खाली घ्या म्हणून."

एवढं बोलून तो मला आरशाची किंमत सांगायला लागला. मला काही ऐकू येत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी ती गेली होती.

कारण आमचे हे सहा फुटांचे. त्यांचे पाय कधीही, कुठल्याही गाडीवरून जमिनीला पोचत आले होते. पोचत नव्हते ते माझे.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, आम्ही जयसिंगपूरला राहत होतो तेव्हाची. पण राग कळायला त्याच्या मागची दोन वर्षं सांगायला हवीत.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. बाबांचा गोठा होता आणि दूध घालायला जुनी राजदूत. बाबांचा खांदा निखळला तेव्हापासून गाडीला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून डेअरीला दूध मी न्यायची. एक कॅन भरलेला आणि दुसरा अर्धा असला की गाडी कशी ओढते, ते ज्यानं चालवलंय त्यालाच ठाऊक. मला ते येत होतं. माझी उंची पाच फूट, पण राजदूत बुटकी, पाय टेकायचे. लग्नानंतर सासरी स्कूटर आली आणि ते सगळं मागं पडलं.

मग यांचं ठिबक सिंचनाचं दुकान नीट चालायला लागलं आणि यांनी ही गाडी घेतली. डोंगरदऱ्यांत चालवायची, उंच, सांगाड्यासारखी. गावात तशी दुसरी नव्हती. मला वाटलं होतं, मलाही मिळेल कधीतरी. बसून बघितलं तर डाव्या पायाचा अंगठा तेवढा कसाबसा टेकला आणि उजवा हवेत. मी हिरमुसले. मग पेपरात वाचलं की अशा गाड्या खाली बसवून मिळतात. एका संध्याकाळी यांना जेवण वाढताना मी विषय काढला.

"अहो, आपली गाडी जरा खाली करून घेतली तर?"

यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "कशाला?"

"माझे पाय पोचतील."

मग जे प्रवचन झालं ते बस्तीतल्या महाराजांनाही जमलं नसतं. गाडी खाली घेतली की तिचं पोट रस्त्याला लागतं, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर म्हणजे शेताचे बांध. वळणावर गाडी कलवली की पायदान घासतं. शॉकअपला खेळायला जागा उरत नाही, मग खड्ड्याचा दणका थेट मणक्यात. नुसती मागून खाली घेतली तर पुढचं तोंड वर होतं, हँडल जड पडतं आणि हेडलाइट रस्ता सोडून झाडावरची वटवाघळं दाखवत बसतो.

"आणि एवढं करून मिळणार काय?" ते म्हणाले. "तर पाय टेकणार. पाय काय, गाडी उभी असताना टेकायचे. चालवताना कुठं लागतात?"

"उभी करायला आधी टेकायलाच लागतात की."

"पद्मजा, कंपनीतले इंजिनिअर काय खुळे आहेत? गाडीला एक तोल असतो. त्यात हात घालायचा नाही."

माझ्यासाठी हात घालायचा नव्हता. मिरजेच्या प्रणोती इनामदारसाठी घातला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

अभिनंदन दर्शन करून आले, कपाळाला गंध, हातात फुलांचा द्रोण. मी पोहे पुढ्यात ठेवले.

"गाडी पडली होती."

"हो? कशी काय?"

"उजवीकडे."

ते पोहे चिवडत राहिले. "वारा फार होता."

"सीट खाली आल्यासारखी वाटते."

"शॉकअप बसला असेल. गाडीचं वय झालं."

दोन वर्षांच्या गाडीचं वय झालं होतं. माझा स्वभाव भांडकुदळ आहे, तो मी नाकारत नाही. पण चोराला पकडायचं तर आधी ओरडायचं नसतं, हे मला गोठ्यातल्या मांजरानं लहानपणीच शिकवलंय. मी एवढंच म्हणाले, "रविवारी मी पण येते पन्हाळ्याला."

"तू?" पोह्यांचा घास थांबला. "मागच्या वेळी म्हणालीस पाठ दुखते."

"आता नाही दुखत."

हे दुकानावर गेल्यावर मी अंगणाचं फाटक लावून घेतलं आणि साडी वर खोचून गाडीवर बसले. दोन्ही पाय जमिनीला लागले. नुसते अंगठे नव्हेत, चवडे लागले आणि टाच जरा उचललेली. गाडी मी मांड्यांमध्ये धरून डावीउजवी हलवली, तर तोल तत्काळ हातात आला. इतका आनंद झाला की क्षणभर मी रागवायची विसरले. मग आठवलं आणि राग दुप्पट झाला. गाडी माझ्या मापाची झाली होती आणि माझ्यासाठी झाली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या मापाचं पोलकं आपल्याला तंतोतंत बसावं, आणि ते नवऱ्यानं शिवून घेतलेलं असावं, तसं.

प्रणोतीला मी एकदा पाहिलं होतं, ग्रुपच्या कुठल्याशा स्नेहभोजनात. मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. बाई देखणी होती असं मी म्हणणार नाही. नीटनेटकी होती आणि कमी बोलायची, आणि ते जास्त वाईट. उंचीला माझ्याएवढीच. तेव्हा मला ते आवडलंही होतं, की चला, उंच गाडी चालवणारी कुणीतरी आपल्यातली आहे. आता त्याच उंचीनं मला झोप लागेना. रविवारी मध्येच कुठंतरी गाड्या बदलणार असतील, हा अंदाज मी बांधला. ती यांच्या गाडीवर बसणार आणि हे बाजूला उभे राहून क्लच कसा सोडायचा ते सांगणार. मला एकदाही न सांगितलेलं.

रविवारी आम्ही उजाडता निघालो. ग्रुपमध्ये पाचसहा जण होते. म्होरक्या जयदीप घाटगे, ऊसतोडणीची यंत्रं भाड्यानं देणारा, मोठ्या आवाजाचा पण मनानं सरळ. सगळे त्याला कप्तान म्हणत. जयसिंगपूरच्याच नाक्यावर प्रणोती येऊन मिळाली. तिनं गाडी थांबवली आणि दोन्ही पाय सपाट टेकून उभी राहिली. मी बघतच राहिले.

"वहिनी, बरं झालं आलात," ती म्हणाली.

"का? माझ्यावाचून काय अडलं होतं तुमचं?"

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

वाटेत पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडीचं पोट खर्रकन घासलं. मला फार बरं वाटलं. मी यांच्या कानाजवळ तोंड नेऊन विचारलं, "काय घासलं हो?"

"दगड होता."

"रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा दगड?"

पुढच्या खड्ड्याला दणका थेट माझ्या कमरेत बसला आणि तेही मी खुशीनं सोसलं. सांगितलेलं सगळं खरं निघत होतं. एवढं सगळं माहीत असून या माणसानं ते कुणासाठी तरी पत्करलं होतं, हे मात्र गिळता येईना.

कोल्हापूरच्या अलीकडे मिसळीला थांबलो. मी हात धुऊन येईपर्यंत प्रणोती हॉटेलवाल्याला सांगत होती, "यांच्या ताटात कांदा नको हां. कटातही नको, वेगळा करून द्या."

आम्ही कांदा खात नाही. हे सांगायचं काम लग्न झाल्यापासून माझं होतं. हॉटेलात, लग्नात, बारशात, सगळीकडे मीच सांगत आले होते. मी खुर्ची ओढून बसले.

"तुम्हाला माहीत आहे वाटतं यांचं पथ्यपाणी."

"हो, बोलणं झालं होतं मागे," ती म्हणाली आणि यांच्याकडे वळली. "कसं वाटतंय आता? खाली घेतल्यावर सोपं पडतंय ना?"

अभिनंदनना ठसका लागला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, माझ्याकडे बघितलं आणि पूर्ण ग्लास संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"काय सोपं पडतंय?" मी विचारलं.

"शॉकअप," ते म्हणाले. "जुना शॉकअप बदलला ना, ते विचारताहेत."

प्रणोती काही बोलणार होती, पण तिनं यांच्या चेहऱ्याकडे बघून पाव मोडला. दोघांच्यात काहीतरी होतं, ते माझ्या ताटावरून आरपार जात होतं आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. मिसळ बरी होती म्हणतात. मला चव लागली नाही.

पन्हाळ्याच्या अलीकडे, वाघबीळचा घाट चढून आलं की एक चहाची टपरी आहे. पुढचे सगळे थांबले होते. आमचीच गाडी मागं होती, कारण हे फार सावकाश चालवत होते. यांनी ब्रेक मारला, डावा पाय खाली टेकला, आणि तो पाय गुडघ्यात घडी पडल्यासारखा मोडला.

आम्ही डावीकडे कलंडलो. गाडी एकदम नाही पडली, सावकाश, बसत्या म्हशीसारखी गेली. मी केव्हा उडी मारून बाजूला झाले ते मला कळलं नाही. हे मात्र गाडीखाली पाय अडकून बसले होते, आणि चेहरा असा पांढरा की मी आतापर्यंतचं सगळं विसरले.

जयदीपनं आणि दुसऱ्या एकानं गाडी उचलली. मी यांच्याकडे धावले, पण माझ्या आधी प्रणोती पोचली. गुडघ्यांवर बसून तिनं यांच्या डाव्या पोटरीवर हात ठेवला. कुठल्या पायाला लागलं म्हणून तिनं विचारलंच नाही.

"अजून मुंग्या येतात?" ती म्हणाली.

त्या 'अजून'नं मी जागची हलले नाही.

"येतात," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता.

"पाऊल वर उचला. माझ्या हातावर दाबा. जोर लावा."

यांनी जोर लावला. पाऊल थोडं हललं, परत पडलं. सगळा ग्रुप चहाचे ग्लास हातात घेऊन उभा होता.

"कसल्या मुंग्या?" मी विचारलं. "कधीपासून?"

प्रणोतीनं आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही वहिनींना सांगितलं नाहीत?"

हे हेल्मेटचा पट्टा सोडत बसले.

"मला वाटलं तुम्हाला सगळं माहीत आहे," ती मला म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर ओशाळला होता. "कमरेच्या मणक्यातली गादी सरकलीये. नस दाबली जाते, म्हणून पाय मध्येच ढिला पडतो. उन्हाळ्यापासून चाललंय. सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. मी तर गाडी बंदच करा म्हटलं होतं. हे म्हणाले, ते जमणार नाही, ग्रुपमध्ये काय सांगू. मग म्हटलं, मरा, निदान खाली तरी करून घ्या. म्हणजे पाय पूर्ण टेकेल आणि कललीच तर सावरता येईल."

म्हणजे गाडी तिच्यासाठी खाली आली नव्हती. यांच्यासाठीच आली होती. सहा फुटांच्या माणसाला पाय नीट टेकायला हवा होता.

या ठिकाणी एखादी भली बाई रडली असती, नवऱ्याची क्षमा मागितली असती आणि शंका घेतल्याबद्दल स्वतःच्या तोंडात मारून घेतली असती. मला तसं काही झालं नाही. मला आधीपेक्षा जास्त लागलं. गाडीवर बसवली असती एक वेळ, ते लोखंड आहे. यांनी तिला पाय दाखवला होता. कमरेचं दुखणं, रात्रीच्या मुंग्या, ऑपरेशनची भीती, सगळं तिच्यापाशी उघडं केलं होतं, आणि मी शेजारी झोपत होते.

लोक पांगल्यावर मी टपरीमागच्या कठड्यापाशी यांच्याजवळ बसले.

"तिला सांगितलंत. मला नाही."

"तिचा धंदाच तो आहे. तिला रोज असे पाय बघावे लागतात."

"मला एकही बघायला मिळाला नाही."

"सांगणार होतो."

"कधी? पांगळे झाल्यावर?"

ते खाली दरीकडे बघत राहिले. "तिच्यासमोर पाय लटपटला तर ती व्यायाम सांगते. तुझ्यासमोर नाही जमत, पद्मजा."

"का नाही जमत?"

"नाही जमत."

"माझ्यात काय काटे आहेत?"

"तुझ्यात काही नाही. माझंच काय ते आहे." हा माणूस एकदा गप्प झाला की कुलूप. मी उठले.

आता परत कसं जायचं हा प्रश्न होता. यांना गाडी चालवू द्यायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. जयदीपनं पटकन तोड काढली.

"साहेब, तुम्ही माझ्या मागं बसा. सीट रुंद आहे, पाठीला त्रास नाही. माझ्या मागं बसून आलाय तो पुतण्या, वैनी त्याच्या मागं बसतील, तो येईल प्रणोतींची गाडी घेऊन. आणि तुमची गाडी प्रणोती आणतील. आता खालीच आहे, त्यांचे पाय पोचतील."

पोचणार होतेच. मी तीन रात्री जे मनात बघत होते, ते आता सगळ्यांसमोर, अगदी रीतसर होणार होतं.

अभिनंदननी खिशातून किल्ली काढली. समोर पाच फुटांच्या दोन बायका उभ्या होत्या. प्रणोतीनं हातमोजे चढवायला घेतले. यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला स्पष्ट दिसलं, त्यांना कळत होतं मी काय विचार करतेय. तरी त्यांचा हात तिच्याकडेच गेला.

"डॉक्टर, तुम्हाला सवय आहे मोठ्या गाडीची," ते म्हणाले.

किल्ली मी मधल्या मध्ये काढून घेतली.

"मला पण आहे," मी म्हणाले. "बसा मागं."

"पद्मजा, घाट आहे. हँडल जड झालंय तिचं."

"भरलेल्या दुधाच्या कॅनपेक्षा जड नाही. बसताय की जयदीपभाऊंच्या मागं जाताय?"

हे किती वेळ उभे होते कोण जाणे. माझ्या मागं बसायचं म्हणजे ग्रुपसमोर बायकोच्या मागं बसायचं, हे मला समजत होतं. आणि जयदीपच्या मागं बसण्यात काही कमीपणा नव्हता, हेही समजत होतं. मी गाडी सुरू केली. दोन्ही पाय टेकून वाट बघत राहिले. शेवटी सीट मागून दबली.

पहिली दोन वळणं मी जपून घेतली. हँडल खरंच जड होतं, गाडी वळणात शिरायला का कू करायची. तिसऱ्या वळणापासून मला ती कळली. ढकलायची नाही, आधीच नजर वळवायची, मग ती आपोआप येते. राजदूतलाही असंच लागायचं. पायदान एकदा रस्त्याला घासलं आणि ठिणगी उडाली असावी, कारण मागून हे दचकले. मी मनात म्हटलं, दचका. खड्डे मात्र चुकवत होते, त्यांच्या पाठीसाठी. पाठ धड असती तर एकही चुकवला नसता.

घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हा ते बोलायला लागले. हेल्मेटमधून, वाऱ्यात, तुटक तुटक.

"तुझे बाबा... बघायला आलो होतो तेव्हा... सगळ्यांसमोर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"आमची पोरगी कॅन लावून गाडी हाणते. गडी मागं पडतात. म्हणाले, जावईबापू, तुम्ही कुठली चालवता?"

मला आठवलं. हे तेव्हा चहा पीत राहिले होते आणि यांचे मित्र हसले होते.

"मग?"

"मला सायकलशिवाय काही येत नव्हतं. लग्न ठरल्यावर शिकलो. शकीलच्या बापाकडं. चोरून. तीनदा पडलो." वारा मध्ये आला. मग अगदी हळू, माझ्या पाठीत बोलल्यासारखे ते म्हणाले, "मी जळत होतो तुझ्यावर."

मी आरशात बघितलं. प्रणोतीची गाडी फार मागं राहिली होती, धुळीत एक ठिपका.

"काय म्हणालात?" मी ओरडले. "वाऱ्यात ऐकू आलं नाही."

ते परत बोलले नाहीत. मी वेग कमी केला. जरा वेळानं मिसळीच्या त्याच हॉटेलाबाहेर पाणी प्यायला थांबले, चांगली निवांत. बाकीचे येऊन मिळाले. मग हायवे सोडून मी आतल्या रस्त्यानं गाडी घेतली. तिथं रेल्वेचं फाटक आहे आणि ते त्या वेळी बंद असतं, हे मला ठाऊक होतं.

फाटक बंदच होतं. पुढं बैलगाडी, ऊसवाले, दोन रिक्षा. मी गाडी थांबवली, पाय टेकले. प्रणोतीची गाडी अगदी शेजारी येऊन उभी राहिली, जयदीपची तिच्यामागं. मालगाडी यायला लागली आणि रूळ धडधडू लागले.

"अहो, मघाशी काय म्हणत होतात?" मी मान मागं वळवून विचारलं.

"काही नाही."

"नीट सांगा. तिला सगळं सांगता."

ते लागलं त्यांना. मालगाडीचे डबे एकामागून एक जात होते, काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी हेल्मेटची काच वर केली, माझ्या कानाशी वाकले आणि सगळा जोर लावून बोलायला लागले. "तुला गाडी येत होती आणि मला येत नव्हती. शोरूममध्ये तीन गाड्या बघितल्या. त्यातली सगळ्यात उंच घेतली. तुझे पाय पोचू नयेत म्हणून. खाली करून देत नव्हतो ते त्यासाठी, तोलबिल काही नाही..."

मालगाडीचा शेवटचा डबा निघून गेला. रस्ता एकदम शांत झाला आणि त्या शांततेत आमचे हे त्याच जोरात ओरडले, "जळत होतो मी तुझ्यावर, पद्मजा. अजून जळतो."

ऊसवाल्यानं मागं वळून बघितलं. रिक्षातली म्हातारी बाहेर डोकावली. जयदीप खोकला. प्रणोतीनं सगळं ऐकलं होतं. ती समोर फाटकाकडे बघत राहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

फाटक वर गेलं. मी गाडी गिअरमध्ये टाकली.

"आता तरी ऐकू आलं का?" यांनी मागून विचारलं.

"आलं."

मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. पण तेव्हा प्रणोती फार मागं होती.